वाघ-सिंहांच्या आश्रयस्थानात स्वयंसेवा : मराठवाड्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

"एवढं विमानात बसून जायचं, अन् तिथं जाऊन सिंहाची घाणच काढायची व्हय गं?" जिंतूर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, "होय आजी, तेच काम आहे." हे उत्तर ऐकूनही ज्यांचं मन जाण्यावरच अडून बसतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी दक्षिण आफ्रिकेतल्या एका आश्रयस्थानात सहा आठवडे राबून आले. तेव्हापासून परभणी, लातूर, नांदेडकडची मुलं-मुली मला विचारत असतात, कसं जायचं, किती लागतं, वाघाला हात लावू देतात का. शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल, पण त्याआधी एक शब्द नीट करून घेऊ.

अभयारण्य नव्हे, आश्रयस्थान

आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगावचं मोरांचं रान डोळ्यांपुढे येतं. तिथले प्राणी मोकळे असतात. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०२१ मध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर चालत गौताळ्यात आला आणि २०२४ च्या अखेरीस दुसरा एक येडशीपर्यंत पोचला, ते स्वतःच्या पायांनी. परदेशातल्या ज्या जागांबद्दल मी बोलते आहे तिथले वाघ-सिंह असे कधीच चालू शकणार नाहीत. सर्कशीतून, बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातून, कुणाच्या तरी घरामागच्या पिंजऱ्यातून सोडवून आणलेले हे प्राणी. शिकार कशी करायची हे त्यांना आईनं शिकवलेलं नसतं, माणसाची भीती मोडलेली असते. कित्येकांची नखं काढलेली असतात, म्हणजे नख ज्या हाडातून उगवतं तो बोटाचा शेवटचा सांधाच कापलेला असतो, आणि म्हातारपणी त्या पायांवर चालताना ते लंगडतात. त्यांना जंगलात सोडता येत नाही. कुंपणाच्या आत मोठी जागा, सावली, पाणी, डॉक्टर आणि मरेपर्यंत निवांतपणा, एवढंच त्यांना देता येतं.

आपल्या घरातल्या मोठ्यांना गावोगावच्या सर्कशीतले वाघ आठवत असतील. भारतात १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. अमेरिकेत मात्र खासगी घरांत वाघ पाळणं आणि बछड्यांसोबत पैसे घेऊन फोटो काढू देणं यांवर देशभर बंदी घालणारा कायदा यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. तिथली आश्रयस्थानं भरलेली का असतात, ते यावरून लक्षात येईल.

पहिली पायरी : हात लावू देणारी जागा सोडून द्या

मी निवडलेली पहिली जागा चुकीची होती. एका मध्यस्थाच्या जाहिरातीत एक मुलगी सिंहाच्या बछड्याला बाटलीनं दूध पाजत होती आणि खाली लिहिलं होतं की अनाथ पिल्लांना आई बना. मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मैत्रिणीनं फक्त एक प्रश्न विचारला, "दरवर्षी एवढी पिल्लं अनाथ कशी होतात? आया मरतात कशानं?" मी तो प्रश्न तसाच मध्यस्थाला पाठवला. उत्तर आलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यात पैदा केले जातात. पिल्लू काही दिवसांचं असतानाच आईपासून तोडतात. त्यामुळे आई लवकर पुन्हा माजावर येते, आणि पिल्लू पर्यटकांच्या आणि पैसे भरून आलेल्या स्वयंसेवकांच्या मांडीवर जातं. थोडं मोठं झालं की त्याच्यासोबत 'सिंहाबरोबर फेरफटका' विकतात. त्याहून मोठं झालं की त्याला हात लावणं धोक्याचं होतं, मग त्याला पैसे भरून कुंपणाच्या आतच शिकार करणाऱ्यांना विकतात किंवा त्याची हाडं आशियात जातात. २०१७ मध्ये त्या देशानं ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं ही पैदास थांबवण्याची शिफारस मान्य केल्याचं जाहीर केलं, पण पिंजरे रिकामे व्हायला वेळ लागतो आहे. ज्या मुलीनं प्रेमानं दूध पाजलं, तिच्याच पैशावर ही साखळी चालते, हे समजल्यावर मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

थायलंडमध्ये कांचनाबुरीच्या एका मठातही परदेशी स्वयंसेवक पैसे भरून वाघांची सेवा करायला येत. २०१६ मध्ये सरकारनं तिथून १४७ वाघ हलवले तेव्हा फ्रीझरमध्ये चाळीस मेलेले बछडे सापडले. हलवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वाघ पुढच्या तीन वर्षांत मेले. नात्यात नात्यात पैदास केल्यामुळे त्यांच्यात रोगाशी लढायची ताकदच उरली नव्हती, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. स्वयंसेवकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त लागतं.

म्हणून अर्ज करण्याआधी प्रत्येक जागेला हे लेखी विचारा. तुमच्याकडे पिल्लं जन्मतात का? स्वयंसेवक किंवा पाहुणे प्राण्यांना स्पर्श करतात का? प्राणी विकत घेता, विकता किंवा दुसऱ्याला देता का? प्रत्येक प्राणी कुठून आला ते सांगाल का? मेल्यावर त्याच्या शरीराचं काय करता? चांगल्या जागेची उत्तरं छोटी आणि सरळ असतात. पैदास नाही, स्पर्श नाही, व्यापार नाही. आश्रयस्थानं तपासून मान्यता देणारी 'ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज' ही संस्था २००७ पासून काम करते आहे. तिच्या यादीत नाव असेल तर मोठा आधार. नसेल तर लगेच वाईट म्हणू नका, पण प्रश्न दुप्पट विचारा.

शोध कुठून सुरू करायचा यासाठी काही नावं देते. दक्षिण आफ्रिकेत फ्री स्टेट प्रांतात बेथलेहेमजवळ 'फोर पॉज' या संस्थेचं 'लायन्सरॉक' आहे, वेस्टर्न केपमध्ये 'पँथेरा आफ्रिका' आहे. अमेरिकेत आर्कान्सामधलं 'टर्पेंटाइन क्रीक', नॉर्थ कॅरोलायनातलं 'कॅरोलायना टायगर रेस्क्यू', कोलोरॅडोतलं 'द वाइल्ड अ‍ॅनिमल सँक्च्युअरी'. थायलंडमध्ये फेटचाबुरीला 'वाइल्डलाइफ फ्रेंड्स फाउंडेशन'. यातल्या कुणाकडे बाहेरच्या देशांतून माणसं घेतात, किती आठवड्यांसाठी, हे वर्षावर्षाला बदलतं, त्यामुळे थेट त्यांनाच विचारा.

दुसरी पायरी : पत्र लिहिणं, आणि गोठ्याचा अनुभव न लपवणं

आपली मुलं इथं मागं राहतात. इंग्रजी कच्चं म्हणून लाजतात आणि घरची शेती, जनावरं यांचा उल्लेखही करत नाहीत. मी पहिल्या पत्रात माझी पदवी, संगणक, कसलीकसली प्रमाणपत्रं लिहिली होती. मुलाखत घेणाऱ्या आश्रयस्थानातल्या बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही पहाटे उठून रोज तेच काम करू शकता का? एखादा प्राणी आजारी आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?" मी सांगितलं की आमच्या म्हशीनं वैरण टाकून दिली, रवंथ थांबवला की आई त्याच सकाळी डॉक्टरांना फोन लावते. बाई म्हणाल्या, मला हेच ऐकायचं होतं.

तर पत्रात साध्या वाक्यांत लिहा. वय (बहुतेक ठिकाणी अठरा पूर्ण लागतं, काही ठिकाणी एकवीस), किती आठवडे राहू शकता, किती वजन उचलू शकता, उन्हात-थंडीत काम केलंय का, शेण काढणं, कडबा कापणं, बैलांना औषध पाजणं यातलं काय येतं. दमा, पाठदुखी, गरोदरपण, कसलीही अ‍ॅलर्जी लपवू नका. गरोदर बाईनं मांजरकुळातल्या प्राण्यांची विष्ठा हाताळू नये, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा गर्भाला धोका असतो. मुलाखत बहुधा व्हिडिओ कॉलवर होते. गावात रेंज जात असेल तर त्या दिवशी तालुक्याला जाऊन बसा.

तिसरी पायरी : कागदपत्रं

पासपोर्ट आधी काढा, बाकीचं नंतर. टपाल कार्यालयांतली पासपोर्ट सेवा केंद्रं आता मराठवाड्यातही आहेत, मुंबईला जायची गरज नाही. मोठ्या माणसाच्या छत्तीस पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २०००. दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. आपल्या भागातला खरा घोळ नावांचा. टीसीवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसऱ्या स्पेलिंगचं, मुलीचं आडनाव कुठे माहेरचं कुठे सासरचं. ते आधी एकसारखं करून घ्या. जन्मठिकाण औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद की धाराशिव, यावरही आता मुलं अडखळतात. जन्मदाखल्यावर जे आहे ते आणि अर्जात जे लिहाल ते यांचा मेळ असू द्या, आणि नाव बदलल्याचं खिडकीवर शांतपणे सांगा.

व्हिसाच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट धरा. पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काम करायचं नाही. पगार मिळत नाही म्हणजे ते काम नाही, असं अनेक देश मानत नाहीत. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं आणि तुम्ही गडबडलात तर परत पाठवतात, आणि तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जाला नडतो. कोणत्या प्रकारचा व्हिसा काढायचा हे आश्रयस्थानाकडून लेखी घ्या, त्यांचं निमंत्रणपत्र जोडा, अर्जात स्वयंसेवा हा शब्द स्पष्ट लिहा. अमेरिकेत शिकाऊ उमेदवारांचा जे-१ व्हिसा शिकत असलेल्यांना किंवा पदवी घेऊन बारा महिने न उलटलेल्यांना मिळतो, म्हणून पशुवैद्यकीय किंवा प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षात असाल तर तेव्हाच हालचाल करा.

मुंबईहून जोहान्सबर्गला जाताना स्वस्त तिकीट बऱ्याचदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे मिळतं. तिथं बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तक, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागते. परतताना आपल्याकडचा आरोग्य अधिकारीही विचारू शकतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. ही लस सगळीकडे मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. तिकीट काढण्याआधी हा हिशेब करा. चार हजार रुपये वाचवायला जाऊन मुलं इथं अडकलेली मी पाहिली आहेत.

चौथी पायरी : लशी आणि एक रक्ततपासणी

धनुर्वात आणि रेबीज या दोन लशी बहुतेक जागा मागतात. रेबीजची आधीच घ्यायची लस एका दिवसात होत नाही, दोन मात्रांमध्ये आठवडाभराचं अंतर असतं आणि काही डॉक्टर तिसरीही देतात. क्षयरोगाचा दाखलाही मागतात, कारण माणसाचा क्षय प्राण्यांना होऊ शकतो. इथं आपली मुलं विनाकारण घाबरतात. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे कातडीवरची चाचणी कधी कधी पॉझिटिव्ह दिसते, क्षय नसतानाही. अशा वेळी इग्रा नावाची रक्तचाचणी करून मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

मांसाबद्दल स्पष्टच

याबद्दल सहसा कुणी आधी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पूर्ण वाढलेल्या सिंहाला दिवसाकाठी सरासरी पाच ते सात किलो मांस लागतं. ते गाईचं असतं, घोड्याचं असतं, कधी आसपासच्या शेतकऱ्यानं दिलेलं अख्खं मेलेलं जनावर असतं, आणि ते कापणं, तोलणं, बादल्यांत भरणं हे स्वयंसेवकाचं रोजचं काम. आमच्या घरी आजोबा माळकरी. मी मांस खात नाही. मी मुलाखतीतच सांगितलं की बादल्या धुईन, वजन लिहीन, पण सुरी हातात घेणार नाही. त्यांनी ते मान्य केलं आणि त्याऐवजी पाण्याचे हौद माझ्याकडे दिले. मात्र तिथं पोचल्यावर नाक मुरडलं असतं तर इतरांवर भार पडला असता. तुमच्या मनाची, घराची, गळ्यातल्या माळेची जी मर्यादा असेल ती पहिल्या फोनवर सांगा. वास तरीही येणारच. पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही, पाचव्या दिवशी सवय झाली. आणि मांस हाताळलं, बादली धुतली, की हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. कच्च्या मांसातून पोटाचे आजार होतात आणि परदेशात जुलाब झाले तर दोन-तीन दिवस वाया जातात.

पाचवी पायरी : कुलूप

तिथं पहिल्या दिवशी मला प्राणी दाखवले नाहीत, कुलपं दाखवली. प्रत्येक कुंपणाला मोकळं अंगण आणि आतली खोली असते, मध्ये सरकतं दार. प्राण्याला खाण्याच्या आमिषानं खोलीत घ्यायचं, दार पाडायचं, कुलूप लावायचं, ओढून पाहायचं. मग प्राणी मोठ्यानं मोजायचे, "एक, दोन, तीन, तिन्ही आत." दुसऱ्या माणसानं येऊन पुन्हा कुलूप ओढायचं, पुन्हा मोजायचं. तेव्हा कुठे अंगणाचं बाहेरचं दार उघडायचं. तेही दुहेरी, एक लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

हे दिवसातून दहादा करताना कंटाळा येतो, आणि घात कंटाळ्यातच होतो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात आणि २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, दोन्ही वेळा शिकाऊ तरुणींना सिंहानं मारलं, आणि दोन्ही वेळा मधलं दार नीट बंद झालेलं नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात फ्लोरिडात एका अनुभवी स्वयंसेविकेनं दाराची कडी सोडवायला हात आत घातला आणि वाघानं तो धरला. ती वाचली, पण हात जायची वेळ आली होती. कुणी कितीही जुनं असो, "मी बघितलंय, उघड" असं म्हणालं तर तुम्ही पुन्हा बघा. रागावतील तर रागावू द्या. आणि जिथं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एकट्यानं किल्ल्या देतात, तिथून परत निघा.

बाकीचे नियम सोपे आहेत. जाळीत बोट घालायचं नाही. कुंपणापासून आखलेल्या रेषेच्या आत जायचं नाही. पाठ करून खाली बसायचं नाही, पळायचं नाही, कारण या गोष्टी त्यांच्यातली शिकारीची वृत्ती जागी करतात. फोन खोलीत ठेवायचा.

दिवस कसा जातो

पहाटे सिंह गर्जतात. शांत हवेत तो आवाज आठ किलोमीटरपर्यंत जातो म्हणतात. तिथं तर तो दोनशे पावलांवरून येतो आणि खिडकीची काच थरथरते. मग फावडं, खराटा, ढकलगाडी. विष्ठा गोळा करताना नुसती उचलायची नाही, बघायची. पातळ आहे का, रक्त आहे का, केसांचा गोळा आहे का, ते वहीत लिहायचं. हौद घासायचे. दुपारी गवत कापायचं, कुंपणाच्या तारा तपासायच्या. चारच्या सुमाराला माझं आवडतं काम यायचं, प्राण्यांचं मन रमवायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यांची चिकटपट्टी आणि पिना काढून त्यात वाळलेलं गवत भरायचं, वर दालचिनी भुरभुरायची किंवा अत्तराचा थेंब टाकायचा, आणि प्राणी खोलीत असताना ती खोकी अंगणात लपवायची. तिथली एक म्हातारी सिंहीण आयुष्यभर सिमेंटच्या पिंजऱ्यात राहिलेली होती. तिला गवतावर पाय ठेवायलाच तीन महिने लागले होते असं मला सांगितलं. मी होते तेव्हा ती लाल भोपळा दोन्ही पंजांत धरून अंगणभर ढकलायची, आणि मी कुंपणाबाहेर हातातलं फावडं विसरून उभी राहायची. वाघ ओळखीच्या माणसाला पाहून नाकानं फुरफुरतात, ते त्यांचं बरं आहे का विचारणं. सिंह तसं करत नाहीत. सिंह वीस-वीस तास लोळतात, आणि तुमच्याकडे बघतही नाहीत. तेवढ्यावर समाधान मानता आलं पाहिजे.

थंडी आणि पैसा, थोडक्यात

विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे. जून-जुलैत फ्री स्टेटच्या माळावर रात्री पाणी गोठतं. आपल्याकडचा स्वेटर पुरत नाही. कानटोपी, हातमोजे, दोन थर्मल, पोटरीपर्यंत रबरी बूट, गडद जुने कपडे न्या. भडक रंग आणि लोंबणाऱ्या ओढण्या नकोत.

बऱ्याच जागा राहण्या-जेवण्यासाठी आठवड्याचं शुल्क घेतात. त्यात काय येतं ते विचारा, कारण व्हिसा, विमान, विमा, लशी, विमानतळापासूनची गाडी सहसा वेगळी असते. वैद्यकीय विम्यात प्राण्यांसोबतचं काम धरलं आहे का ते कागदावर वाचा. पैसे मध्यस्थाऐवजी थेट संस्थेच्या खात्यात भरता येत असतील तर तसे भरा. आणि शेत गहाण टाकून जाऊ नका. कुठल्याही सिंहाला तुमच्या घरच्या कर्जाची गरज नाही.

तारीख ठरेपर्यंत

पासपोर्ट, व्हिसा, लशी यांत सहज काही महिने जातात. ते रिकामे घालवू नका. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात 'सर्पराज्ञी' हे जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. भेट देता येईल का, काही काम करता येईल का, ते आधी विचारून जा. जवळ काहीच नसेल तर गावातल्या गोशाळेत महिनाभर रोज जा.

आणि एक रविवार छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात काढा. पांढऱ्या वाघासमोर वही घेऊन तासभर उभं राहा. रीवाच्या जंगलात १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन नावाच्या एकाच वाघाच्या वंशातले आज पिंजऱ्यांत असलेले बहुतेक पांढरे वाघ, आणि पैदास नात्यातच झाली म्हणून त्यांच्यात तिरळेपणा आणि दुखणी जास्त. दर पाच मिनिटांनी तो काय करतो ते लिहा. चालतो, बसतो, पाणी पितो, त्याच वाटेनं पुन्हा चालतो. कोणता पाय आधी टाकतो, कोणत्या कुशीवर झोपतो. गर्दी व्हायच्या आत, सकाळी दार उघडतं तेव्हाच जा.